देवचाफ्याची फांदी कुजू नये म्हणून

देवचाफ्याची फांदी तोडून लगेच ओल्या मातीत खोचली, तर मुळे फुटण्याआधीच ती बुडाशी मऊ पडून कुजते.

१. मार्च ते मे या काळात एक ते दीड फूट लांबीची जून फांदी कापावी व तिची पाने काढून टाकावीत.

२. कापलेल्या टोकाचा चीक वाळून तेथे कडक खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, फांदी सावलीत कोरडी ठेवावी. घाई नडते ती इथेच.

३. जाड वाळू मिसळलेल्या मातीत ती तीन-चार इंच खोल लावून एकदाच पाणी द्यावे आणि नवी पाने फुटेपर्यंत माती पूर्ण सुकल्याखेरीज पुन्हा देऊ नये.

चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.