पुराचा गाळ उपसण्याआधी खड्डा मारून बघा

कृष्णा-वारणेचं पाणी उतरलं की सांगली जिल्ह्यातल्या भिलवडी, औदुंबर, कसबे डिग्रज, हरिपूर या मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या रानांच्या) पट्ट्यातून पहिला फोन जातो जेसीबीवाल्याला. जरा थांबा, आधी टेप काढा. रानात चार-पाच ठिकाणी गाळाची जाडी मोजा, टेप दिसेल असे फोटो घ्या आणि पंचनाम्यात जाडी लिहिली आहे का ते स्वतः वाचा. गाळ काढायची सरकारी मदत ३ इंचांपेक्षा जाड थरालाच मिळते. आधीच उपसला तर मोजणार काय?

मग फावड्यानं दीड-दोन फूट खड्डा मारा आणि थर कसले आहेत ते बघा. पाणी जोरात असतं तेव्हा जाड वाळू बसते, वेग मंदावला की पोयटा (वाळूपेक्षा बारीक, मऊ गाळ) आणि अगदी शेवटी चिकण (सगळ्यात बारीक, चिकट माती). म्हणून नदीकडेला वाळू सापडते आणि आतल्या सखल रानात, जिथं पाणी तुंबून राहिलं तिथं, चिकणगाळ. त्सुनामी किनाऱ्यावर थर टाकते त्याचीही बरीचशी हीच तऱ्हा: खाली जाड, वर बारीक, आत जावं तसा पातळ. फरक मिठाचा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत नागपट्टणमच्या भातशेतीत वाळूबरोबर समुद्राचं पाणी शिरलं आणि रानं खारट झाली. आपला गाळ गोड्या पाण्याचा. त्यामुळं ‘पूर आला, जिप्सम टाका’ असं कुणी सांगितलं तर लगेच पोती उचलू नका. जिप्सम चोपण जमिनीसाठी, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या रानासाठी, तेही माती तपासून.

आपल्याकडं खार येतो तो खालून. गाळानं निचऱ्याचे चर बुजले की पाण्याला वाट राहत नाही, ते मुरून बसतं, पुढं उन्हानं उडतं आणि क्षार वर ठेवून जातं. मिरज-वाळव्याकडची कितीतरी उसाची रानं जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांनीच पांढरी पडली. म्हणून जेसीबी आणलाच तर पहिले तास चर मोकळे करायला लावा. एकट्याचा चर उकरून भागत नाही, खालच्या रानवाल्यालाही सोबत घ्यावं लागतं. हे काम गाळ उपसण्यापेक्षा अवघड, कबूल आहे.

दोन-तीन इंच पोयटा असेल तर तो फेकू नका. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल न राहण्याइतकी सुकल्यावर, नांगरटीत मिसळा. चिकणगाळाला भेगा पडू लागल्या की कुळवानं पापडी फोडा. वाळूचा जाड थर मात्र काढावाच लागतो. वाफशाआधी ट्रॅक्टर घातला तर खालची माती दबून निचरा आणखी बिघडतो.

उभ्या उसात शेंड्यातली सुरळी ओढून बघा. सहज निघाली आणि कुजका वास आला तर तो ऊस आता वाढत नाही, बाजूचे डोळे फुटतात आणि वजन घटतं. त्याला खत घालून पैसा घालवू नका. लवकर तोडीसाठी कारखान्याच्या गट ऑफिसला आत्ताच सांगून ठेवा. सुरळी हिरवी असेल तर पानांवरचा चिखल धुवा आणि वाफसा आल्यावर युरियाचा हलका हप्ता द्या, कारण पुरात नत्र वाहून गेलेलं असतं. हळदीचं पाणी मात्र आजच काढा, कंदकूज वाफशाची वाट बघत नाही.