फोल्डिंगची फिक्सी करायची, तर आधी मोजा

फोल्डिंग सायकलची फिक्सी, म्हणजे फिक्स्ड: पॅडल मागच्या चाकाशी कायमचं जोडलेलं, चाक फिरतं तोवर पॅडलही फिरतं. पाने, ग्रीस, रॉकेल, फाटकी बनियन हे सांगत बसत नाही. व्हर्नियर कॅलिपर मात्र हवा, आणि तो उसना नको, स्वतःचा हवा. हब (चाकाचा मधला भाग) विकत घेण्याआधी, स्पोक भरण्याआधी, क्रँकचा (पॅडलच्या दांड्याचा) कॉटर, म्हणजे तो धरणारी खीळ, ठोकून काढण्याआधी तो हातात घ्या आणि चेनची लाईन मोजा, म्हणजे पुढचं चेनव्हील आणि मागचं दातेरी चाक (कॉग) एका रेषेत आहेत का ते. मागच्या वेळी मी हे सोडून बाकी सगळं केलं होतं. चाक नवं, हब चकचकीत, आणि चेन तिरकी. दोनदा उतरली आणि दोन्ही वेळा मागचं चाक जाम झालं. फ्रीव्हीलच्या (पाय थांबले तरी चाक फिरतं अशा) सायकलला चेन पडली तर आपण हात काळे करून पुढे जातो. फिक्स्डमध्ये पडलेली चेन कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकते आणि चाक जागच्या जागी थांबतं. बडोद्याच्या रावपुऱ्यात संध्याकाळी मागे रिक्षा असताना हे नको.

आमची सायकल रॅले ट्वेंटी, सासऱ्यांनी लेस्टरहून आणलेली. हे मॉडेल 1968 पासूनचं. मागे स्टर्मी-आर्चरचा तीन स्पीडचा हब असेल तर त्याच्यावर वर्ष आणि महिना ठोकलेला दिसेल. तो हब भंगारात घालू नका, तेल घालून कापडात गुंडाळून ठेवा. फिक्स्डचा उत्साह सगळ्यांचाच टिकतो असं नाही.

आता लाईन. बसायच्या दांड्याच्या उभ्या नळीच्या बाहेरच्या बाजूपासून चेनव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात नळीच्या जाडीचा अर्धा भाग मिळवा. चेनव्हील फिरवत तीन-चार जागी मोजून सरासरी काढा, कारण जुनं चेनव्हील थोडं वाकडं असतंच. समजा 43 मि.मी. आलं. मग मागच्या दोन खाचांमधला (त्यात चाकाचा एक्सल बसतो) आतला गाळा, म्हणजे अंतर, मोजा. समजा 112 आला, त्याचा अर्धा 56. छप्पन वजा त्रेचाळीस, तेरा. म्हणजे उजव्या खाचेच्या आतल्या बाजूपासून कॉगच्या दातांचा मध्य 13 मि.मी. वर यायला हवा. एवढंच गणित आहे, चौथीतलं. एखादा मि.मी. इकडेतिकडे चालतो. दोनला खरखर सुरू होते. त्यापुढे चेन उतरायची वाट बघायची. हे आकडे कागदावर लिहा, मोबाईलमध्ये नको, ग्रीसच्या हातांनी मोबाईल उघडत नाही.

मागचंच का जुळवायचं, पुढचं का नाही? ट्वेंटीचं पुढचं हलत नाही म्हणून. चेनव्हील उजव्या क्रँकला कायमचं जोडलेलं असतं आणि बी.बी.ची (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल फिरतो ती जागा) नळी 76 मि.मी. रुंद, आटे इंचाला 26. बाकीच्या बहुतेक सायकलींची 68 आणि 24. त्यामुळे दुकानातला नवा बी.बी. सेट आत जाणारच नाही, आणि मिस्त्री जबरदस्तीनं घालायला गेला तर फ्रेमचे आटे मरतील. म्हणून पुढचं जसं आहे तसं मानायचं आणि हबच्या एक्सलवरचे वॉशर डावीकडचे उजवीकडे करून मागचं त्याच्या रेषेत आणायचं. वॉशर हलवले की रिम मध्यातून सरकते, मग स्पोक ओढून ती परत मध्यावर घ्यायची. आता कळलं, स्पोक भरण्याआधी का मोजायचं? मिस्त्री म्हणेल, "थई जशे, बेन." होईल, पण दुसऱ्यांदा, आणि पैसेही दुसऱ्यांदा.

हब ट्रॅकचाच (फिक्स्डसाठीच बनवलेला) घ्या. त्यावर कॉगचे आटे सुलटे आणि लॉकरिंगचे (कॉगवर बसणाऱ्या कडीचे) उलटे असतात. पाय मागे दाबले की कॉग सुटायला बघतो, तेव्हा लॉकरिंग आणखी आवळली जाते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर कॉग बसतो, आटे सारखेच आहेत, पण त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग लागत नाही, आणि तीच तर कॉगला धरून ठेवते. फ्रीव्हील वेल्डिंग करून देतो असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन निघा. वेल्ड तुटलं नाही तरी मागे दाबल्यावर अख्खं फ्रीव्हील सुटून येऊ शकतं, आणि ते नेमकं तुम्ही थांबायला बघत असताना. हब घेण्याआधी रिमची भोकं मोजा. रिम 28 ची आणि हब 36 चा, हा विनोद दुसऱ्याच्या घरी चांगला. हबची रुंदीही बघा: ट्रॅक हब सहसा 120 चे असतात, जुन्या फ्रेमचा गाळा त्याहून कमी. म्हणजे परत वॉशर, परत लाईन. मोजलंय ना?

टायर. 20 इंची म्हटलं की दुकानदार मुलांच्या सायकलचा 20 × 1.75 काढून देतो, त्याचा आतला आकडा (रिमवर बसणारा व्यास, मि.मी.) 406. ट्वेंटीला बऱ्याचदा 20 × 1⅜ असतो, आकडा 451. दोन्ही वीस इंची, एक दुसऱ्यावर चढत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा.

दातांचं गणित थोडं. पुढे 46, मागे 16, चाक 20 इंची: 46 ला 16 नं भागून 20 नं गुणलं की 57.5 येतं. हा गिअरचा आकडा, जितका मोठा तितकं पॅडल जड. बडोदा सपाट आहे, कालाघोड्यापासून मांडवीपर्यंत यात सुखानं जाता येतं. मागे 14 घातलं तर 65.7, सुटताना जड, पळताना बरं. चढणीची काळजी करू नका, उताराची करा. जेतलपूरच्या पुलावरून उतरताना ताशी 30 चा वेग आला तर 57.5 वर पाय मिनिटाला 109 च्या आसपास फिरतात, आणि ते थांबवता येत नाहीत. अलकापुरीच्या गरनाळ्यातही (रेल्वेखालचा रस्ता) तेच, वर पावसाळ्यात पाणी.

म्हणून पुढचा ब्रेक काढायचा नाही. फिक्स्डला ब्रेक शोभत नाही म्हणणाऱ्यांना सपाट रस्ता मुबारक. स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागत नाही, तेव्हा रबर नवी घाला आणि पावसात हळू. पॅडल फोल्डिंगवाले नकोत. साधे, मजबूत, पट्टा लावता येईल असे घ्या. वळणावर पॅडल फिरतच राहतं, म्हणून आतल्या बाजूला झुकताना ते रस्त्याला घासतं का, हे आधी रिकाम्या मैदानात बघून घ्या.

चेन सिंगल स्पीडची, 1/8 इंची. मागच्या खाचा आडव्या आणि पुरेशा लांब आहेत का ते बघा, कारण चेन ताणायला चाक मागे ओढणं हाच एक उपाय आहे. मधोमध बोटानं दाबल्यावर साधारण 12 मि.मी. वर-खाली हलली पाहिजे. जास्त ढिली तर उतरेल, जास्त ताठ तर बेअरिंग खाईल. आणि लाईन चुकली असेल तर ताण कितीही नीट ठेवा, काही उपयोग नाही. (हे परत सांगते कारण मिस्त्री ताणाबद्दल तासभर बोलतो, लाईनबद्दल एक शब्द नाही.)

चेन पुसताना चाक फिरवून फडक्यानं धरायची सवय असेल तर ती आजपासून बंद. फ्रीव्हीलला बोट अडकलं तर चेन थांबते, फिक्स्डला फिरतं चाक चेन ओढतच राहतं आणि बोट जातं. थोडं फिरवा, थांबवा, पुसा. मुलं जवळ नकोत. सलवार, ओढणी, बुटाची नाडी, सगळं आवरून. उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) आठवडाभर रस्त्यावर मांजा असतो. तो कॉगच्या मागे गुंडाळला गेला की कापून काढावा लागतो. गळ्याचा मांजा हा वेगळा विषय, पण मफलर घालाच.

घडी. पॅडल आता मागे फुकट फिरत नाही, त्यामुळे घडी करताना ते अडचणीच्या जागी आलं तर मागचं चाक उचलून फिरवायचं. घडी केलेली सायकल ढकलत नेली की पॅडल फिरून नडगीला लागतं, जिन्यात उचलूनच न्या. बिजागरीची पिन हलते का बघा, हलत असेल तर आधी ती.

मग बाकीचं: हँडलचा खटका, सीटचा खटका, मडगार्डचे स्क्रू, हवा. लॉकरिंग पहिल्या फेरीनंतर परत आवळा. कॉग चढताना आणखी घट्ट होतो, त्यामुळे ती ढिली पडते. आणि हब बॉक्समध्ये आहे तोवर, स्पोक कापलेले नाहीत तोवर, कॅलिपर घेऊन परत एकदा लाईन.