कुत्रा चावण्याआधी इशारा देतो. तो वाचताना या चुका टाळा

‘शेपूट हलवतोय, म्हणजे काही करणार नाही’ हा समज सगळ्यात महागात पडतो. शेपूट किती जोरात हलते यापेक्षा बाकीचं अंग काय करतंय ते पाहा. खूश कुत्र्याचं कंबरेपासून सगळं अंग डोलतं, तोंड सैल उघडं असतं. शेपूट वर ताठ, तिचं टोक तेवढं भरभर हलतंय, वजन पुढच्या पायांवर आणि तोंड घट्ट मिटलेलं असेल, तर जवळ जाऊ नका. पगसारख्या वळलेल्या शेपटीच्या जातींत शेपटीवरून फारसं कळत नाही. तिथे तोंड, कान, डोळेच पाहावे लागतात.

दुसरी चूक म्हणजे शांतपणाला होकार समजणं. हाडूक चघळणारा कुत्रा तुम्ही जवळ जाताच चघळायचा थांबतो. तोंड हाडकावरच, मान हलत नाही, फक्त डोळे तुमच्याकडे वळतात आणि बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. आवाज नसल्यामुळे हा इशारा सर्रास नजरेतून सुटतो, आणि पुढचा हात थेट दातांत सापडतो. अशा वेळी तिरकं होऊन मागे सरा. हाडूक घ्यायचंच असेल तर लांबवर चिकनचे तुकडे टाका, कुत्रा तिकडे गेला आणि मधलं दार लावलं की मगच उचला.

गुरगुरला म्हणून फटका तर कधीच देऊ नका. माराने त्याची भीती जात नाही, फक्त गुरगुरणं बंद होतं. मग पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

घरात लहान मूल असेल तर सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. मुलाने गळ्यात हात टाकल्यावर कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. आणि मोठी माणसं कौतुकाने फोटो काढत बसतात. त्या क्षणी मुलाला बाजूला घ्या, कुत्र्याला उठून जायला वाट ठेवा.

मानेवरचे केस उभे राहिले म्हणजे राग आलाच असं नाही. भीतीने, उत्साहानेही राहतात.

रस्त्यावरचा कुत्रा अंगावर आला तर पळू नका. नजर खाली, हात अंगाशी, जागेवर स्थिर उभे राहा. दुचाकीवर असाल तर वेग कमी करा. वेग वाढवला की पाठलाग वाढतो. व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांपासून लांबच राहा.

एरवी गरीब असलेला कुत्रा अचानक हात लावू देईनासा झाला, तर आधी पशुवैद्याकडे न्या. कान दुखत असला किंवा सांध्यात वेदना असल्या तरी कुत्रा असं वागतो.

आणि दात लागलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करा. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा.