घरच्या घरी स्लाइड फिल्म: ई-६ ची रसायनं स्वतः बनवताना

स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं ती, ई-६ या प्रक्रियेने घरी धुवायची म्हटलं की बहुतेकांना धास्ती वाटते ती रंगांची. पण खरी मेहनत घ्यावी ती फर्स्ट डेव्हलपरवर. तो साधा कृष्णधवल डेव्हलपर आहे. तरीही स्लाइड किती उजळ आणि सावल्या किती दाट हे त्याच्या ६ मिनिटांत ठरतं. त्याने न खाल्लेल्या सिल्व्हर हॅलाइडमधूनच (फिल्ममधल्या चांदीच्या प्रकाशसंवेदी संयुगांतूनच) पुढे रंग उमटतात. म्हणून वेळ वाढला की स्लाइड फिकी, कमी पडला की काळपट, म्हणजे निगेटिव्हच्या बरोबर उलट. एक स्टॉप पुश करायचा, म्हणजे निम्म्या प्रकाशात काढलेली फिल्म जास्त वेळ धुऊन भरपाई करायची, तर साधारण २ मिनिटं वाढवा.

आधी कृष्णधवल फिल्मवर हात बसलेला असावा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि पीएच १० च्या बफर द्रावणावर (ठरावीक पीएचचं द्रावण) जुळवलेला पीएच मीटर यांवर पैसे वाचवू नका. घरात कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड फिल्मचा रोल सापडला तर तो या प्रक्रियेत घालू नका. त्याच्या थरांत रंग बनवणारे कपलर नसतातच.

एक लिटर फर्स्ट डेव्हलपरसाठी ७५० मिली कोमट डिस्टिल्ड पाणी घ्या. त्यात क्रमाने निर्जल सोडियम सल्फाइट २४ ग्रॅम, पोटॅशियम हायड्रोक्विनोन मोनोसल्फोनेट २३ ग्रॅम, डायमेझोन-एस १.५ ग्रॅम, पोटॅशियम कार्बोनेट १४ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट १२ ग्रॅम, सोडियम ब्रोमाइड २.३ ग्रॅम आणि सोडियम थायोसायनेट १ ग्रॅम विरघळवा. पोटॅशियम आयोडाइड फक्त ४.५ मिलिग्रॅम लागतं. ते काट्यावर मोजता येणार नाही, म्हणून १ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं ४.५ मिली घ्या. पाणी एक लिटरपर्यंत भरा आणि पीएच ९.६ वर आणा. थायोसायनेट किरकोळ वाटतं, पण चांदी किंचित विरघळवून हायलाइट स्वच्छ ठेवण्याचं काम त्याचं आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात थायोसायनेट आणि कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि मग काटा खरं वजन सांगत नाही. थायोसायनेटची बाटली नवी असतानाच त्याचं १० टक्के द्रावण करून ठेवावं.

तापमान ३८ अंश सेल्सिअस, आणि या पायरीवर सूट ०.३ अंशाचीच. मोठ्या टबात १५-२० लिटर पाणी असलं की ते स्थिर राहतं. टँकही आधी त्यात ठेवून गरम करून घ्या, नाहीतर थंड टँक पहिल्याच मिनिटाला द्रावण दोन अंशांनी उतरवतो.

नंतर २ मिनिटं त्याच तापमानाच्या पाण्यात धुवा. आता उरलेलं हॅलाइड कलर डेव्हलपरसाठी तयार करायचं असतं. त्यासाठीच्या रिव्हर्सल बाथमध्ये स्टॅनस क्लोराइड असतं; ते टिकत नाही, म्हणून नवख्यांनी प्रकाशाचा मार्ग घ्यावा. पारदर्शक रील पांढऱ्या बादलीत पाण्याखाली ठेवून एलईडी दिव्याखाली दोन्ही बाजूंनी फिरवत दोन-दोन मिनिटं प्रकाश द्या. इथे प्रकाश जास्त झाल्याने काही बिघडत नाही, कमी पडला तर मात्र रंग दुबळे येतात.

कलर डेव्हलपरमध्ये लिटरला स्फटिकी ट्रायसोडियम फॉस्फेट ३६ ग्रॅम, सल्फाइट ५ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड ०.६५ ग्रॅम, आयोडाइडचं तेच द्रावण ३७ मिली, सिट्राझिनिक आम्ल सुमारे १ ग्रॅम आणि पीएच ११.८ च्या आसपास आणण्यापुरतं सोडियम हायड्रॉक्साइड. ११ ग्रॅम सीडी-३ (रंग घडवणारं डेव्हलपिंग रसायन) वापरण्याच्या जरा आधी, सर्वांत शेवटी घाला आणि पीएच पुन्हा तपासा. सीडी-४ मिळालं म्हणून ते घालू नका. ते सी-४१ या रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेचं आहे, रंगांच्या छटाच चुकतात. सीडी-३ मुळे त्वचेला ॲलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे हवेतच.

६ मिनिटांनी २ टक्के ॲसेटिक आम्लाचा स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), मग भरपूर पाणी. पुढचं ब्लीच चांदीचं पुन्हा हॅलाइड करतं, म्हणजे फिक्सर ते विरघळवून काढू शकतो. त्यात लिटरला पोटॅशियम फेरिसायनाइड ८० ग्रॅम आणि ब्रोमाइड २० ग्रॅम. धुणं आखडतं घेतलं तर फिल्ममध्ये उरलेला कलर डेव्हलपर ब्लीचमध्ये ऑक्सिडाइझ होतो आणि सगळ्या फिल्मवर रंगाची झाक चढते. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ कधीही नेऊ नका, विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. ब्लीच ६ मिनिटं, पाणी, अमोनियम थायोसल्फेटचा फिक्सर ४ मिनिटं, पुन्हा पाणी. शेवटच्या आंघोळीत वेटिंग एजंटसोबत (पाण्याचे डाग पडू न देणारं द्रव) लिटरला ५-६ मिली फॉर्मलिन घालतात. ते नसेल तर मजेंटा रंग टिकत नाही. हे काम उघड्या खिडकीजवळच करा.

ओली स्लाइड दुधाळ दिसते. वाळेपर्यंत तिच्यावरून निकाल काढू नका.

वाळल्यावर आधी फ्रेम पाहू नका, रोलचं टोक पाहा. लोड करताना उजेडात आलेला तो भाग काचेसारखा स्वच्छ हवा, आणि दोन फ्रेमांच्या मधल्या पट्ट्या गडद काळ्या. टोक मळकट असेल तर फिल्म पुन्हा ब्लीच-फिक्स करा. तेवढ्याने उजळलं तर चांदी राहिली होती. नाहीच उजळलं तर फर्स्ट डेव्हलपर दुबळा होता. टोक स्वच्छ पण पट्ट्या तपकिरी किंवा फिक्या असतील तर फर्स्ट डेव्हलपर जास्त झाला, त्यात दुसरं द्रावण मिसळलं, टँकमध्ये प्रकाश शिरला किंवा कलर डेव्हलपर थकला. मग पुढचा पूर्ण रोल घालण्याआधी त्याच फिल्मचा छोटा तुकडा धुऊन एकेक कारण बाद करत जा.