ताशी पगार आणि पंचिंगचे घड्याळ : अमेरिकेतल्या दुकानात नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

एच-४ व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत येऊन पुढे ईएडी (काम करण्याचा परवाना) हाती पडलेल्या, किंवा ग्रीन कार्ड मिळाल्यावर इथे प्रथमच कामाला निघालेल्या मराठी माणसाची पहिली नोकरी पुष्कळदा एखाद्या मोठ्या दुकानातली असते आणि तिचा पगार ताशी असतो. भारतात आपल्याला महिन्याच्या पगाराची आणि फार तर हजेरीपटावरच्या सहीची सवय असते. इथे मागच्या खोलीत, लॉकरांच्या शेजारी लावलेल्या घड्याळात कार्ड सरकवले किंवा आपला क्रमांक दाबला की त्या मिनिटापासून मोजणी सुरू होते. नवी माणसे पहिल्या आठवड्यात माल, किमती आणि रजिस्टर (गल्ल्याचे यंत्र) मन लावून शिकतात, पण पंचिंगचे नियम कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. न्यू जर्सीतल्या एका दुकानात पहिले तीन महिने मी पावणेनऊला पोचून शेल्फ लावायला घेत असे आणि ठीक नऊला पंच करत असे, कारण ‘लवकर पंच करू नका’ असे मला सांगितले होते. ‘लवकर काम करू नका’ असे कोणी सांगितले नव्हते. आठवड्याचे पाच दिवस धरले, तर तेरा आठवड्यांत ते सोळा तासांहून अधिक फुकट काम झाले.

या सगळ्याच्या मुळाशी १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट आहे. मालकाने सांगितलेले काम तर कामच असते. पण त्याने न सांगता तुम्ही करत असलेले आणि त्याला ठाऊक असलेले, किंवा ठाऊक असायला हवे असलेले कामही या कायद्याने कामाचेच तास ठरते. ‘परवानगीशिवाय जादा थांबू नये’ अशी पाटी लावली म्हणून त्या वेळेचा पगार बुडवता येत नाही. मालक तुम्हाला ताकीद देऊ शकतो, शिस्तभंगाची कारवाईही करू शकतो, पण केलेल्या कामाचे पैसे त्याला द्यावेच लागतात. म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी की पंच झाल्याशिवाय मालाला, रजिस्टरला किंवा गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला हात घालायचा नाही. लवकर पोचून ब्रेकरूममध्ये चहा पीत बसलात, तर ती वेळ तुमची आहे आणि तिचा पगार मागता येत नाही. मात्र तिथे येऊन मॅनेजरने ‘काल आलेले खोके कुठे ठेवले?’ म्हणत तुम्हाला गोदामात नेले, तर ते काम झाले. अशा वेळी ‘पंच करून लगेच येते’ एवढेच हसून म्हणावे. यात उद्धटपणा नाही, आणि समजूतदार मॅनेजरला उलट ते सोयीचेच वाटते.

आता मिनिटांच्या पूर्णांकाकडे, म्हणजे ‘राउंडिंग’कडे वळू, कारण सर्वांत अधिक गोंधळ तिथेच होतो. संघीय नियमांनुसार मालकाला पंचची वेळ जवळच्या पाच मिनिटांना, तासाच्या दहाव्या भागाला किंवा पाव तासाला आणून मोजता येते. अट एवढीच की ही पद्धत दोन्ही बाजूंना सारखी लागू व्हावी आणि काही काळाच्या सरासरीत कामगाराचे तास बुडू नयेत. पाव तासाची पद्धत असेल, तर ९ वाजून ७ मिनिटांचा पंच ९ धरला जातो आणि ९ वाजून ८ मिनिटांचा सव्वानऊ. त्याचप्रमाणे ८:५३ चा पंच ९ होतो, पण ८:५२ चा पावणेनऊ. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात अनेक दुकानांत नवाच्या पुढे एक मिनिट उशीर झाला तरी उशिराची नोंद होते आणि सात मिनिटे आधी पंच करायला मात्र मुभा असते. परिणामी सगळे पंच ८:५३ ते ९ या पट्टीतच पडतात आणि पूर्णांक नेहमी मालकाच्याच पारड्यात जातो. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात मिनिटे गेली, तर पाच दिवसांची सत्तर मिनिटे होतात. ताशी १६ डॉलरने ते आठवड्याला १८ डॉलर ६७ सेंट आणि पन्नास आठवड्यांत सुमारे ९३३ डॉलर झाले. माझ्या मते ज्या दुकानात उशिराला शिक्षा आहे, तिथे पूर्णांकाची पद्धत असूच नये, कारण आजचे घड्याळ मिनिटामिनिटाचा हिशेब सहज ठेवते.

हा वाद जुना आहे. मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स इथल्या भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगार सकाळी ६:४६ ला पंच करून आला आणि दुपारी १२:१४ ला जेवायला गेला, पुन्हा १२:४६ ला येऊन ४:१४ ला बाहेर पडला, तरी त्याला सात ते बारा आणि एक ते चार असे आठच तास मिळत. घड्याळाने नोंदवलेल्या वेळेपेक्षा छप्पन मिनिटे कमी. ते प्रकरण १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यातला जो भाग आजही कामी येतो, तो पुढे नोंदवहीच्या संदर्भात सांगते.

सुटीच्या वेळांबाबत एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. प्रौढ कामगाराला ब्रेक किंवा जेवणाची सुटी दिलीच पाहिजे असे संघीय कायदा म्हणत नाही. ते राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. पण सुटी दिली, तर ती कशी मोजायची हे मात्र ठरलेले आहे. पाच ते वीस मिनिटांचा छोटा ब्रेक हा कामाचाच वेळ असतो आणि त्यासाठी पंच-आऊट करायला लावून पगार कापता येत नाही. साधारण तीस मिनिटांची जेवणाची सुटी बिनपगारी असू शकते, परंतु त्या वेळेत तुम्ही कामातून पूर्ण मोकळे असले पाहिजे. डबा उघडून काउंटरमागे बसलात आणि मध्येमध्ये गिऱ्हाईक आले की उठत असाल, तर ती सुटी नव्हे. काही दुकानांतल्या यंत्रणा रोज अर्धा तास आपोआप वजा करतात. ज्या दिवशी जेवण अर्धवट टाकून उठावे लागले, त्या दिवशी तसे मॅनेजरला लेखी कळवणे तुमच्या हातात आहे. कॅलिफोर्नियात पाच तासांपेक्षा अधिक शिफ्ट असेल, तर पाचवा तास संपण्यापूर्वी तीस मिनिटांची सुटी सुरू व्हावी लागते आणि न मिळाल्यास त्या दिवशी एक तासाचा जादा पगार द्यावा लागतो. म्हणूनच तिथले मॅनेजर ‘लंचला जा, लगेच जा’ म्हणून मागे लागतात. सुटीवरून एक मिनिटही लवकर परतून पंच करू नये, हे तिथे काम करणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे.

दुकान बंद करण्याची वेळ हा सर्वांत निसरडा भाग. दिवे मालवायचे, गल्ला मोजायचा, कचरा बाहेर टाकायचा, अलार्म लावायचा, दार ओढून कुलूप तपासायचे. आणि घड्याळ आतल्या खोलीत असल्यामुळे पंच-आऊट आधी होते, उरलेली कामे नंतर. स्टारबक्सविरुद्धच्या एका खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. एक शिफ्ट सुपरवायझर पंच-आऊट केल्यावर विक्रीचे आकडे पाठवून, अलार्म लावून, सहकाऱ्यांना त्यांच्या गाड्यांपर्यंत सोडून निघत असे. रोजची चार ते दहा मिनिटे, सतरा महिन्यांत १२ तास ५० मिनिटे, तेव्हाच्या किमान वेतनाने १०२ डॉलर ६७ सेंट. इतक्या पैशांत आठवड्याचा किराणा भागतो, असे सांगून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नियमितपणे घडणारी अशी मिनिटे क्षुल्लक म्हणून सोडून द्यायला नकार दिला. बाहेर पडताना होणाऱ्या पिशव्यांच्या झडतीचे उत्तर मात्र राज्यागणिक बदलते. संघीय कायद्याखाली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोदामातल्या झडतीच्या रांगेचा वेळ पगारी नाही असे ठरवले. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने २०२० मध्ये अ‍ॅपलच्या दुकानांतल्या झडतीचा वेळ पगारी ठरवला. तुमच्या दुकानात शेवटची कामे पंचनंतर होत असतील, तर फोनवरच्या अ‍ॅपने दाराशी पंच करता येईल का, हे विचारून पाहावे. मी विचारले तेव्हा मॅनेजरने दोन दिवसांत तशी सोय करून दिली. इतके दिवस कोणी विचारलेच नव्हते, असे ती म्हणाली.

पंच विसरला तर घाबरू नये आणि उद्यावरही टाकू नये. त्याच दिवशी, वेळ स्पष्ट लिहून, मॅनेजरला मेसेज किंवा ईमेल करावा: ‘आज ९:०२ ला काम सुरू केले, पंच राहिला, कृपया दुरुस्ती करावी.’ चूक दुरुस्त करण्यासाठी मॅनेजर तुमच्या पंचमध्ये बदल करू शकतो, त्यात गैर काही नाही. पण काम केलेली मिनिटे खोडण्यासाठी किंवा आठवड्याची चाळीस तासांची रेघ (जिच्यापुढे ओव्हरटाईम सुरू होतो) ओलांडू नये म्हणून तो बदल करता येत नाही. बदल झाल्याचे दिसले, तर कारण लेखी विचारावे. उशीर झालेल्या मैत्रिणीसाठी तिचा क्रमांक मात्र कधीही दाबू नये. आपल्याकडच्या ‘हजेरी लावण्या’इतकी ही गोष्ट साधी वाटते, पण इथे ती खोटी नोंद ठरते आणि दोघींचीही नोकरी जाते.

दुकानाबाहेरचे कामही मोजणीत येते. मॅनेजरच्या सांगण्यावरून दुपारी दुसऱ्या शाखेत जावे लागले, तर मधल्या प्रवासाचा वेळ पगारी असतो. घरून दुकानात येण्याचा नसतो. सक्तीचे प्रशिक्षण घरी बसून संगणकावर पूर्ण करायला सांगितले, तर तेही काम असते. सुटीच्या दिवशी शेड्यूलबद्दलचा एखादा मेसेज पाहण्याने फारसे काही होत नाही, परंतु अर्धा तास फोनवर मालाची यादी सांगत बसलात, तर तो अर्धा तास नोंदवून घ्यावा.

ओव्हरटाईमचा हिशेब आठवड्यावर चालतो, पगाराच्या पंधरवड्यावर नाही. आठवड्यात चाळीस तासांवरच्या प्रत्येक तासाला दीडपट दर मिळतो आणि प्रत्येक आठवडा स्वतंत्र धरावा लागतो. एका आठवड्यात ४६ आणि पुढच्यात ३४ तास झाले, तर ‘सरासरी चाळीसच झाली’ हे उत्तर चालत नाही. ताशी १६ डॉलरने पहिल्या आठवड्याचे ६४० आणि सहा तासांचे १४४ मिळून ७८४ डॉलर व्हायला हवेत. कॅलिफोर्नियात दिवसाच्या आठ तासांनंतरही दीडपट सुरू होते. पे-स्टब (पगाराची चिठ्ठी) वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी. तिथले तास दशांशात असतात. ७.७५ म्हणजे पावणेआठ तास, आणि ७.३० म्हणजे साडेसात नव्हे, तर सात तास अठरा मिनिटे. निम्मी भांडणे आणि निम्मे गप्प सोसलेले नुकसान या एका टिंबातून निघते.

आपल्याच माणसांच्या किराणा दुकानात भिंतीवर घड्याळही नसते आणि वहीही नसते. काका-काकू म्हणायचे नाते असते, सणाला डबा मिळतो, आणि तास विचारणे अप्रशस्त वाटते. कायद्याने घड्याळ सक्तीचे नाही हे खरे, पण तासांची नोंद ठेवणे मालकाला सक्तीचे आहे, मग ती वहीत का असेना. पगाराच्या नोंदी तीन वर्षे आणि रोजच्या वेळेचे कागद दोन वर्षे जपावे लागतात. वर्षाला पाच लाख डॉलरची उलाढाल असलेले दुकान या कायद्याखाली येते, आणि चांगले चालणारे भारतीय किराणा दुकान तेवढी उलाढाल सहज करते. रोख पगार घेणाऱ्यालाही हेच हक्क असतात. इलिनॉयमध्ये तर बोटाचा किंवा चेहऱ्याचा ठसा घेणारे घड्याळ लावण्यापूर्वी मालकाला २००८ च्या कायद्यानुसार तुमची लेखी संमती घ्यावी लागते. सहीसाठी समोर येणारा तो कागद वाचून घ्यावा.

या सगळ्यात माझा भर आहे तो स्वतःच्या वहीवर. खिशातल्या छोट्या वहीत रोज चार वेळा लिहाव्यात: काम कधी सुरू केले, जेवायला कधी गेले, कधी परतले, शेवटचे काम कधी संपले. घड्याळाने काय दाखवले ते शेजारी लिहावे. संघीय कामगार खात्याचे याच कामासाठी बनवलेले मोफत अ‍ॅपही आहे, पण मला वही बरी वाटते, कारण फोन बदलला तरी ती राहते. माउंट क्लेमेन्सच्या निकालाचा उपयोग इथे होतो. मालकाच्या नोंदी चुकीच्या किंवा अपुऱ्या असतील, तर कामगाराने दिलेल्या वाजवी पुराव्यावरून तासांचा अंदाज बांधता येतो आणि तो खोडून काढण्याचा भार मालकावर जातो, असे न्यायालयाने म्हटले. तारखा आणि वेळा असलेली साधी वही हा तसा पुरावा ठरू शकतो.

फरक आढळला, तर आधी मॅनेजरशी आणि मग पगार विभागाशी बोलावे. तोंडी तक्रारीलाही संरक्षण आहे. विस्कॉन्सिनमधल्या एका कामगाराने घड्याळे चुकीच्या जागी लावल्याची तोंडी तक्रार केली होती, आणि अशी तोंडी तक्रारही संरक्षणास पात्र ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. तरीही बोलणे झाल्यावर त्याचा सारांश ईमेलने पाठवून ठेवणे शहाणपणाचे आहे. तिथे काम झाले नाही, तर संघीय कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाला १-८६६-४८७-९२४३ या क्रमांकावर फोन करता येतो. तक्रारदाराचे नाव ते गुप्त ठेवतात. बुडालेला पगार मागण्यासाठी संघीय कायद्यात मागे जाण्याची मुदत दोन वर्षे आहे आणि मालकाने जाणूनबुजून केले असेल तर तीन. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कच्या राज्य कायद्यांत ती सहा वर्षे आहे. फोन करण्यापूर्वी वही, पे-स्टब आणि मॅनेजरला पाठवलेले मेसेज तारखेच्या क्रमाने लावून समोर ठेवावेत.