एकादशी पंचांगाने धरा, मनाने नको

माळकऱ्याच्या घरात एकादशी दोन तऱ्हेने मोडते. एकाला वाटतं, एवढंसं खाल्लं तर पांडुरंग काय रागावतोय का? दुसरा कोणी न सांगता पाणीसुद्धा सोडतो आणि दुपारी भोवळ येऊन पडतो. दोघांनीही देवाच्या आज्ञेपुढे आपलंच मत धरलेलं असतं. काय करावं आणि काय करू नये, हे ठरवायला शास्त्र प्रमाण धर, असं गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या शेवटी देव अर्जुनाला सांगतात. तेव्हा आधी पंचांग उघडा.

कोणता दिवस? पंचांगात कधी कधी लागोपाठ दोन दिवस एकादशी दिसते, एक स्मार्त आणि एक भागवत. वारकरी भागवत धरतात. सूर्योदयाआधीच्या चार घटका म्हणजे अरुणोदय. एक घटका 24 मिनिटांची, म्हणजे एकूण 96 मिनिटं. सूर्योदय 6.30चा असेल तर अरुणोदय 4.54ला सुरू होतो. त्या वेळी दशमी अजून चालू असेल तर एकादशीला दशमीचा वेध लागला, आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी जाते. "रविवारी सुट्टी आहे, तेव्हाच धरू" हे इथे चालत नाही.

मोबाइलवर तिथी बघत असाल तर ठिकाण सातारा किंवा सांगली टाकलंय ना, ते तपासा. आपल्याकडे सूर्य मुंबईच्या काही मिनिटं आधी उगवतो, हिवाळ्यात हा फरक वाढतो. वेधाचा निकाल कधी तेवढ्यावरच फिरतो. शिवाय उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा आषाढ वद्य पक्ष म्हणजे आपला ज्येष्ठ वद्य. नावावर जाऊ नका, तिथी बघा.

दशमीची तयारी. पूर्ण व्रतात चार जेवणं सुटतात: दशमीची रात्र, एकादशीच्या दोन्ही वेळा आणि द्वादशीची रात्र. एवढं झेपणार नसेल तर संकल्प लहान करा, पण तो सकाळी करा. भूक लागल्यावर केलेला संकल्प पोटाचाच असतो. तुळस दशमीलाच तोडून ठेवा. द्वादशीला ती तोडत नाहीत, आणि तोडलेली तुळस पूजेला शिळी होत नाही.

ताटात काय? तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी आणि डाळी-कडधान्यं बंद. म्हणजे कोरेगावचा घेवडाही गेला. फळं, दूध, ताक, रताळी, शेंगदाणे, राजगिरा चालतात. वऱ्याच्या तांदळावर घराघरांत मतं वेगळी, बरेच माळकरी तो धान्यात धरतात. ज्यांच्या हातून माळ घेतली त्यांना एकदाच विचारा आणि कायम तेच पाळा. दर एकादशीला नवा सल्लागार शोधणं म्हणजे हवं ते उत्तर शोधणं.

चूक बहुतेकदा नकळत होते. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. कांदा-लसूण मसाल्याचा चमचा जिऱ्याच्या डब्यात राहतो. स्टँडावरचा साबुदाणा वडा अनेकदा बटाटवड्याच्याच कढईतून निघतो. कंदी पेढा दुधाचा, म्हणून चालतो खरा. पाव किलो संपवल्यावर त्याला उपास म्हणायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सवलत कुठे आहे? आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं वचन आहे: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हवी (होमातलं द्रव्य), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. शेवटचं नीट वाचा. इन्शुलिन घेणारा, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांनी निर्जळी धरून गोळ्या टाळणं ही भक्तीतली मनमानी. मधुमेह असेल तर दशमीच्या आत डॉक्टरांना डोस विचारून घ्या. साबुदाण्याने साखर भर्रकन चढते, त्यापेक्षा शेंगदाणे आणि ताक बरं. घाम सुटून हात थरथरायला लागले तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. पाणी आणि औषध व्रत मोडत नाहीत, आणि जीव वाचवायला मुहूर्त लागत नाही.

बारस सोडणे. सगळ्यात जास्त घोळ इथे. द्वादशीचा पहिला चतुर्थांश हरिवासर, त्यात पारणं, म्हणजे उपास सोडणं, करत नाहीत. समजा द्वादशी पहाटे 3ला लागली आणि 24 तासांची आहे, तर सकाळी 9पर्यंत थांबा. उलट द्वादशी सकाळी 7.10लाच संपत असेल तर त्याआधी घास गेला पाहिजे. "अंघोळ, पूजा उरकून दहाला जेवू" म्हटलंत तर पारणं चुकलं. स्वयंपाक होणार नसेल तर तुळशीचं पान घातलेलं तीर्थ घ्या, पाण्यानेही पारणं होतं. भात मग सावकाश शिजू द्या.