मुलांना 'माहिती' लिहायला कसं शिकवायचं? आम्ही पेंग्विनपासून सुरुवात केली

मुलांना माहिती लिही म्हटलं की बहुतेक वेळा निबंध येतो. 'पेंग्विन माझा आवडता प्राणी आहे. तो खूप छान दिसतो.' माझी मुलगी तिसरीत असंच लिहायची, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती, शाळेत काय आणि घरी काय आपण निबंधच करून घेतो, मग एखादी गोष्ट आवडणं वेगळं आणि तिची माहिती देणं वेगळं हे पोरांना कळणार कुठून?

विषय मुलाने स्वतः बघितलेला घ्या. मुंबईत लोकल आहे, डबेवाले आहेत, मासळी बाजार आहे, आम्ही राणीची बाग घेतली. पण विषय छोटा हवा हं, 'प्राणी' नको, 'राणीच्या बागेतले पेंग्विन' एवढाच.

लगेच लिहायला बसवू नका. आधी ठरवा वाचणार कोण. आम्ही गावची आजी ठरवली, तिने पेंग्विन कधी बघितलेला नाही. मग आजी काय विचारेल ते मुलीनेच सांगितलं: केवढा असतो, खातो काय, आणला कुठून, आणि मुंबईच्या उकाड्यात राहतो कसा? चार प्रश्न, चार परिच्छेद.

आता चिठ्ठ्या, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. पाठकोऱ्या कागदाचे तुकडे करायचे, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, तीही दोन-चार शब्दांत. पूर्ण वाक्य लिहू दिलं की मुलं पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवतात. '2016, दक्षिण कोरियातून', 'काचेमागे एसी' असं पुरे. मग जमिनीवर बसून प्रत्येक प्रश्नाखाली चिठ्ठ्या लावायच्या. कुठेच बसत नाही ती चिठ्ठी बाजूला, कितीही आवडती असली तरी.

आमच्याकडे एक चिठ्ठी होती 'बर्फात राहतो'. कार्टूनमधे तसंच दाखवतात ना. पण राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, ते मूळचे पेरू आणि चिलीच्या खडकाळ किनाऱ्यावरचे, तिथे बर्फ नसतो, समुद्राचं पाणी मात्र थंड असतं कारण दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो. तिला पटेना. मग नियमच केला, दोन वेगवेगळ्या ठिकाणी तेच सापडलं तरच लिहायचं. शोधून झाल्यावर तिने स्वतःच ती चिठ्ठी फाडली, मी सांगितलं असतं तर ती रुसली असती.

लिहिताना प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य त्या प्रश्नाचं सरळ उत्तर असू दे. आणि 'खूप' शब्द दिसला की विचारा, खूप म्हणजे किती? 'खूप छोटा' च्या जागी '65 ते 70 सेंटीमीटर' आलं, मग टेप घेऊन घरात मोजामोज झाली आणि वाक्य झालं, 'आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा थोडा बुटका'. आजीला हे लगेच समजतं. मासे खातो लिहिलंस तर कसले मासे तेही लिही म्हटलं, तर आपल्या तारली-मांदेलीच्या भाऊबंदांतले निघाले. शुद्धलेखन शेवटी बघा, आधी लाल पेन काढलंत तर मूल लिहायचंच थांबतं.

झालं की ज्याच्यासाठी लिहिलं त्याला वाचून दाखवायचं. आम्ही फोनवर वाचलं. आजीने सगळं ऐकलं आणि विचारलं, 'अगं पण अंडी कुठे घालतो तो?' याची चिठ्ठीच नव्हती. परत शोधाशोध झाली, आणि रात्री पाचवा परिच्छेद आला: 'हम्बोल्ट पेंग्विन बिळात किंवा कपारीत अंडी घालतो. एका वेळी दोन.'